अवघडाचा लोभ

प्रस्तुत लेखाचा विषय व्हिडिओ गेम हा आहे, हें पाहतांच कित्येक पालकांच्या कपाळास आठ्या पडतील आणि कित्येक विद्यार्थ्यांचे डोळे चमकतील. उभयतांनीं थोडा दम धरावा. मुलांनीं पडद्यासमोर किती वेळ बसावें, अभ्यासाची हानि होते कीं नाहीं, हे प्रश्न थोर आहेत व त्यांचा खल घरोघरीं रोज चालूच असतो. त्यांत आमच्या चार ओळींची भर पडून कांहीं निकाल लागेल अशी आशा आम्हांस नाहीं. आम्हांस लिहावयाचें आहे तें प्रेमाविषयीं. एखाद्या अवघड वस्तूवर माणसें जीव कां टाकतात, आणि तीच वस्तु चार लोकांस आवडूं लागली म्हणजे पहिल्या चाहत्यांचा जीव कां तुटतो, याचा जितका स्वच्छ नमुना एका जपानी खेळमालिकेच्या चाहत्यांनीं दाखविला आहे, तितका आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

ही मालिका 'सोल्स' या नांवानें ओळखली जाते. २००९ सालीं 'डीमन्स सोल्स', २०११ सालीं 'डार्क सोल्स', पुढें २०१४ व २०१६ सालीं त्याचे दुसरा व तिसरा भाग. आणि त्याच कुळांतील 'ब्लडबोर्न' (२०१५), 'सेकिरो' (२०१९) व 'एल्डन रिंग' (२०२२). नांवें निराळीं, पण गोत्र एक. एक गोष्ट आधींच सांगून टाकतों. या खेळांत रक्तपात आहे, भेसूर आकृति आहेत; 'एल्डन रिंग'वर युरोपांत १६ वर्षांचा व अमेरिकेंत १७ वर्षांचा शिक्का मारलेला आहे. तेव्हां खालच्या वर्गांतील बालवाचकांनीं लेख खुशाल वाचावा, खेळ खेळूं नये.

हे खेळ करणारी फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनी टोकियो येथें १९८६ सालीं स्थापन झाली. आरंभीं ती कचेऱ्यांच्या कामास उपयोगी पडणारें सॉफ्टवेअर तयार करी. १९९४ सालीं 'किंग्ज फील्ड' घेऊन ती खेळांकडे वळली. परंतु तिला आजचें रूप ज्यांनीं दिलें ते हिदेताका मियाझाकी हे गृहस्थ तेथें २००४ सालीं, वयाच्या सुमारें २९ व्या वर्षीं, दुसरीकडची बरी नोकरी सोडून व कमी पगार पत्करून आले. त्यांचें बालपण शिझुओका येथें बेताच्या परिस्थितींत गेलें. घरीं पुस्तकें विकत घेण्याची ऐपत नव्हती. वाचनालयांतून आणलेल्या पुस्तकांत इंग्रजी अद्भुत कथाही असत. भाषा पुरती समजत नसे. जेथें अर्थ लागेना तेथें चित्र पाहून आपल्या कल्पनेनें भर घालावी, हा आपला त्या वेळचा शिरस्ता होता, असें त्यांनींच सांगितलें आहे. मराठी शाळेंतून आमच्या पांचवींत आलेल्या व ग्रंथालयाच्या तासाला जाडें इंग्रजी पुस्तक उघडून बसलेल्या मुलास हें निराळें समजावून सांगण्याची जरूर नाहीं. मियाझाकींच्या खेळांतील गोष्टही तशीच अर्धवट समजते. कोणी पात्र उभें राहून ती सांगत नाहीं. सांपडलेल्या तरवारीच्या, अंगठीच्या, जुनाट चिलखताच्या वर्णनांत एकेक ओळ दडलेली असते. त्या ओळी वेंचून एका पडलेल्या राज्याचा इतिहास खेळणारानेंच जुळवावयाचा असतो.

आतां खेळाची रीत. नायक शापानें अमर झालेला आहे. म्हणजे तो मरतो आणि पुन्हां उठतो. मधून मधून शेकोट्या लागतात. शेकोटीपाशीं बसलें असतां जखमा भरतात, पण मारलेले शत्रूही पुन्हां आपापल्या जागीं उभे राहतात. शत्रूंपासून मिळणारे 'आत्मे' हेंच नाणें. त्यावर शक्ति वाढवावी, शस्त्रें घ्यावींत. मरण आलें कीं ही सारी पुंजी जेथें पडलों तेथेंच रक्ताच्या डागापाशीं राहते. परत जाऊन ती उचलतां येते; पण वाटेंत दुसऱ्यांदां मेलों तर ती कायमची गेली. हातांत नकाशा नाहीं, वाट दाखविणारा बाण नाहीं. आरंभींच्या खेळांत तर कोणत्या दिशेस जावें हें देखील कळत नाहीं. चुकीच्या दिशेस गेलें म्हणजे सांगाडे दोन वारांत निकाल लावतात व त्यावरून दिशा चुकली असा बोध होतो.

इतकें वाचून पालक विचारतील कीं, या छळास खेळ कां म्हणावें? त्याचें उत्तर असें कीं, हा छळ प्रामाणिक आहे. प्रत्येक राक्षस वार करण्यापूर्वीं हात उचलतो, श्वास घेतो, पाय रोवतो. जो पाहील त्यास तें दिसतें. दहा वेळां मेल्यावर अकराव्या वेळीं आपलें चुकलें कोठें हें कळतें, आणि तीसाव्या वेळीं जेथें आरंभीं एक वार चुकवितां येत नव्हता तेथें सारी लढाई पाठ झालेली असते. नायकाची शक्ति थोडीफार वाढलेली असते खरी, परंतु अधिक वाढलेलें असतें तें खेळणाराचें लक्ष. केवळ कठीण असे खेळ पूर्वींही होते व त्यांतले बरेचसे टाकाऊ होते. नाणें गिळून खेळाडूस हांकलून देणें एवढाच त्यांचा हेतु. येथें खेळाची इच्छा आपण जिंकावें अशी असते.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. मियाझाकी एकदां बर्फ पडत असतां चढावावर मोटार घेऊन अडकले होते. पुढची गाडी अडकली, मागचीही अडकली. तेव्हां मागच्या गाडीनें पुढच्या गाडीस ढकलावें, तिच्या मागच्या गाडीनें तीस ढकलावें, असें करीत साऱ्या गाड्या घाट चढून गेल्या. थांबून आभार मानावे तर आपली गाडी पुन्हां अडकावयाची. त्यामुळें मदत करणारे कोण होते, त्यांतला शेवटचा मनुष्य वर पोंचला कीं नाहीं, हें त्यांस कधींच कळलें नाहीं. ही हकीकत त्यांनीं स्वतः सांगितलेली असून खेळांतील मदतीची सारी योजना तीवरून सुचली. इंटरनेटनें जोडलेला खेळणारा जमिनीवर खूण उमटवून ठेवतो. दुसरा कोणी त्या खुणेस हात लावून त्यास आपल्या जगांत बोलावतो. दोघे मिळून राक्षसाशीं लढतात. राक्षस पडला कीं पाहुणा नाहींसा होतो. नांव-गांव विचारावयास वेळच नसतो. जमिनीवर चिठ्ठ्याही ठेवतां येतात. मनास येईल तें मात्र लिहितां येत नाहीं. ठराविक शब्दांच्या यादींतून वाक्य जुळवावें लागतें. 'पुढें सापळा आहे' असें कोणी सज्जन लिहून जातो, तर कोणी थट्टेखोर कड्याच्या अगदीं टोकावर 'येथून उडी मारा' असें लिहून ठेवतो. आणि अर्थात् कित्येक मारतात.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. 'डीमन्स सोल्स' २००९ च्या फेब्रुवारींत जपानांत निघाला तेव्हां त्याचें स्वागत थंडें झालें. पैसा सोनी कंपनीचा. तिच्या एका मोठ्या अधिकाऱ्यानें खेळून पाहिला, दोन तासांत आरंभापलीकडे पाऊल पडेना, आणि खेळ वाईट ठरवून परदेशांत तो काढण्यास सोनीनें नकार दिला. आपली ती चूक झाली अशी कबुली पुढें त्याच अधिकाऱ्यानें मोकळेपणानें दिली. अमेरिकेंत दुसऱ्याच एका कंपनीनें तो त्याच वर्षीं काढला. युरोपांत निघावयास २०१० साल उजाडलें. तोंवर तिकडचे हौशी लोक आशियांत विकली जाणारी इंग्रजी प्रत पार्सलानें मागवून खेळत. जाहिरात नाहीं, डंका नाहीं. एकानें दुसऱ्याच्या कानांत सांगावें व दुसऱ्यानें तिसऱ्याच्या. या काळांतील प्रेम आम्हांस सर्वांत गोड वाटतें. कारण खेळ इतका गूढ होता कीं एकट्यास तो उलगडणें अशक्य. कोणत्या भिंतीमागें वाट आहे, कोणतें शस्त्र कोठें मिळतें, हें शेंकडों लोकांनीं तुकड्यातुकड्यांनीं शोधून एकमेकांस कळविलें. अडलेल्यास वाट सांगणें ही त्या लहानशा जमातीची रीतच होती. 'डार्क सोल्स' संगणकावर खेळावयास मिळावा म्हणून हजारों लोकांनीं अर्ज केला. २०१२ सालीं तो निघालाही. परंतु ती आवृत्ति इतकी ओबडधोबड होती कीं चित्र धड दिसेना. खेळ बाजारांत येतो न येतो तोंच एका चाहत्यानें स्वतः दुरुस्ती तयार करून ती सर्वांस फुकट वांटली. प्रेम म्हणतात तें याला.

पण त्याच आवृत्तीच्या नांवांत विष होतें. प्रकाशकांनीं तिला जें नांव दिलें त्याचा अर्थ 'मरणास सज्ज व्हा' असा. खेळांत काय काय आहे हें न सांगतां तो किती मारतो हें सांगणें सोपें, आणि विकावयासही सोपें. तेव्हांपासून अवघडपणा ही पाटी झाली. खेळ पुरा केला हें सांगण्यांत मोठेपणा वाटूं लागला, व मोठेपणा म्हटला कीं लहान ठरवावयास कोणीतरी हवाच. 'आधीं नीट खेळावयास शीक' अशा अर्थाचें एक तुटक, मुद्दाम अशुद्ध लिहिलेलें इंग्रजी वचन याच मंडळींच्या तोंडीं बसलें. आरंभीं ती थट्टा होती. पुढें नवख्यानें कांहींही विचारलें कीं त्याच्या तोंडावर तें फेंकण्यांत येऊं लागलें. ज्या लोकांनीं एकमेकांस वाट सांगून खेळ जिंकला, तेच आतां वेशीवर उभे राहून येणारास हटकूं लागले.

खुद्द खेळांवरही हें प्रेम रुसूं लागलें. २०१४ सालचा दुसरा भाग मियाझाकींनीं स्वतः दिग्दर्शित केलेला नव्हता. ते 'ब्लडबोर्न'मध्यें गुंतले होते. परीक्षकांनीं त्याची वाखाणणी केली, पण जुने चाहते खवळले. एकदम अनेक शत्रु अंगावर घातले आहेत, भूगोलाचा मेळ नाहीं, अशा तक्रारी झाल्या. पवनचक्कीच्या माथ्यावरून पाळण्यांत बसून वर गेलें असतां, जेथें आकाशच असावयाचें तेथें लाव्हारसांत बुडालेला किल्ला लागतो. या पाळण्याची थट्टा आजही संपलेली नाहीं, व ती रास्तच आहे. परंतु पहिल्या भागाच्या उत्तरार्धांत लॉस्ट इझालिथ नांवाचा जो प्रदेश लागतो, तो घाईघाईनें उरकलेला आहे हें आंधळ्यासही दिसेल. तो यांनीं हंसून सोडून दिला. पहिल्या प्रेमाचा दोष तो लाडिकपणा आणि दुसऱ्याचा दोष तो अपराध! मौज अशी कीं, दहा वर्षें लोटल्यावर आतां कित्येकांस दुसऱ्या भागाचे गुण दिसूं लागले असून, त्यावर अन्याय झाला असें म्हणणारे पुष्कळ निघाले आहेत. खेळ तोच आहे. बदललें तें पाहणारें मन.

२०२२ च्या फेब्रुवारींत 'एल्डन रिंग' निघाला आणि वेस फुटली. प्रसिद्ध कादंबरीकार जॉर्ज आर्. आर्. मार्टिन यांनीं त्याची पुराणकथा रचण्यास हातभार लावला होता. तीन आठवड्यांच्या आंत १ कोटी २० लक्ष प्रति खपल्या. वर्षाच्या आंत हा आंकडा २ कोटींवर गेला व २०२५ सालीं ३ कोटींवर. या खेळांत मोकळें रान आहे, बसावयास घोडा आहे. एक शत्रु आवरेना तर त्यास तेथेंच सोडून दुसरीकडे जावें, बळ वाढवावें आणि मग परत यावें. मृतांच्या राखेंतून लांडगे किंवा शिपाई बोलावून त्यांस आपल्या बाजूनें लढवितां येतें. ज्यांनीं पूर्वींचे खेळ चार तासांत टाकून दिले होते त्यांनीं हा शंभर शंभर तास खेळला. सोनीच्या दारांतून परत फिरलेल्या खेळाच्या या वंशजास त्या वर्षाचा सर्वोत्तम खेळ म्हणून गौरव मिळाला. जुन्या चाहत्यांस याहून अधिक आनंदाचा दिवस कोणता? पण त्यांतल्या पुष्कळांच्या तोंडीं एकच तक्रार होती: आतां कोणीही जिंकतो. राख वापरली तर तो विजय खरा नव्हे. जादू वापरली तर खरा नव्हे. दुसऱ्यास मदतीस बोलाविलें तर मुळींच खरा नव्हे.

आमच्या शाळेंत शिकलेल्यांस येथें द्राक्षमळ्यांतील मजुरांचा दाखला आठवल्यावांचून राहणार नाहीं. पहाटेपासून उन्हांत राबलेले मजूर ठरलेली मजुरी हातांत पडली तोंवर तक्रार करीत नव्हते. शेवटच्या तासाला आलेल्यासही तितकीच मिळाली हें पाहिलें मात्र, त्यांची स्वतःची मजुरी त्यांस कमी वाटूं लागली. वास्तविक त्यांच्या हातांतलें नाणें झिजलें होतें काय? २०११ सालीं ज्यानें अनोर लोंदोच्या दालनांत ऑर्नस्टीन व स्मॉ या जोडगोळीस रात्रभर झुंजून पाडलें, त्याची ती रात्र नव्या खेळांतील राखेच्या लांडग्यांनीं कशी खाल्ली, हें आम्हांस समजत नाहीं.

या संबंधांत आमच्या पाहण्यांतील एक प्रसंग सांगतों. दोघे भाऊ, दोघेही आमचे विद्यार्थी. थोरला आतां पुण्यास सॉफ्टवेअरच्या नोकरींत आहे. धाकटा नुकताच कॉलेजांत गेला. दिवाळीच्या सुटींत आम्ही त्यांच्या घरीं फराळास गेलों असतां धाकटा 'एल्डन रिंग' खेळत होता व मार्गिट नांवाच्या राक्षसापाशीं अडला होता. त्यानें राखेचे लांडगे बोलाविले. थोरला कोंचावर बसून पाहत होता. तो म्हणाला, "असें खेळावयाचें तर नुसता सिनेमा पाहावा." धाकट्याचा चेहरा उतरला, पण तो बोलला नाहीं. राक्षस पडल्यावर त्यास म्हणावा तसा आनंदही झाला नाहीं. थोड्या वेळानें चकली मोडीत त्यानें सहज विचारलें, "दादा, तूं पहिल्यांदां ऑर्नस्टीन-स्मॉला कसें मारलेंस?" थोरल्यानें पवित्रा कसा घेतला, ढाल कोणती होती, याचें वर्णन सुरू केलें व मध्येंच थांबला. मग हंसून म्हणाला, "दोघांना बोलावलें होतें. एक जर्मन असावा. त्याच्या नांवावरून वाटलें." आम्ही बशी खालीं ठेवली. या गृहस्थांनीं बारा वर्षें ती लढाई एकट्यानें जिंकल्यासारखी सांगितली होती, आणि खोटें बोलण्याचा हेतु मुळींच नव्हता. ते जर्मन गृहस्थ आठवणींतूनच गळून पडले होते.

आमचें मत असें कीं, अभिमान शिरतो तो याच फटींतून. अवघड काम पार पडल्यावर आपले श्रम तेवढे आठवतात. कोणी गाडी मागून ढकलली होती हें विसरतें. शिक्षकांच्या ठायींही हा दोष असतो, हें येथें कबूल केलें पाहिजे. भूमितीचें प्रमेय आम्हांस दोन वर्षें समजलें नव्हतें. वर्गांत मात्र तें आम्हीं जन्मतःच जाणत होतों अशा थाटानें फळ्यावर लिहितों.

इतकें लिहिल्यावर दुसऱ्या पक्षासही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. २०२४ च्या जूनमध्यें 'एल्डन रिंग'ची 'शॅडो ऑफ द अर्डट्री' ही पुरवणी निघाली. पूर्वींच्या कोट्यवधि खेळाडूंपैकीं अनेकांस ती असह्य कठीण वाटली. पहिल्याच दिवसांत निषेधाचा पाऊस पडला. पुरवणींत बळ वाढविण्याकरितां एक विशेष प्रकारचे तुकडे ठिकठिकाणीं ठेवलेले होते. ते न शोधतांच लोक सरळ मोठ्या राक्षसांवर चालून जात व मरत. अखेर कंपनीस ते तुकडे गोळा करण्याची आठवण द्यावी लागली, आणि पुढें त्यांचा गुणही थोडा वाढवावा लागला. आम्हांस येथें खेळाडूंचा पक्ष लंगडा वाटतो. ज्या कारणाकरितां आपण या दारीं आलों, तेंच दार उंच आहे म्हणून कुरकुर करावयाची! दोन वर्षांपूर्वीं नवखे असलेले हे लोक एवढ्यांत जुने झाले होते. आपण मागें एकदां जिंकलों म्हणजे पुढें सदैव जिंकलेंच पाहिजे, हा हक्क त्यांनीं गृहीत धरला होता.

परंतु 'सोपा मार्ग ठेवावा कीं नाहीं' हा वाद येवढ्यानें मिटत नाहीं. 'सेकिरो'च्या वेळीं, २०१९ सालीं, तो फार पेटला होता. मियाझाकींचें म्हणणें असें कीं, सर्वांनीं एकच चढ चढला म्हणजे त्याविषयीं सर्वांस एकमेकांशीं बोलतां येतें. म्हणून सोप्या-कठीणाच्या पायऱ्या ठेवावयाच्या नाहींत. हें आम्हांस पटतें. पण ज्याचीं बोटें आजारानें आंखडलीं आहेत, ज्यास रंग ओळखतां येत नाहींत, ज्याच्या कानांस ऐकूं येत नाहीं, त्यानें काय करावें? हा प्रश्न विचारणारांस उत्तर म्हणून पुन्हां तेंच तुटक वचन ऐकविण्यांत आलें, ही गोष्ट या चाहत्यांच्या इतिहासांत लाजिरवाणी आहे. अंधुक दिसणाऱ्या मुलास आम्ही पहिल्या बांकावर बसवितों, त्याची प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत छापतों. त्यानें गणित सोपें होत नाहीं. बटणें बदलून घेण्याची सोय, मोठीं अक्षरें, आवाजाऐवजीं दिसणारी खूण, एवढें दिलें म्हणून कोणाचा डोंगर ठेंगणा होत नाहीं. या बाबतींत कंपनीनेंही करावें तितकें केलेलें नाहीं असें आम्हांस वाटतें.

राहतां राहिली एक गोष्ट, आणि ती जरा दुःखाची. जुन्या चाहत्यांची कुरकुर ऐकून ऐकून आमच्या मनांत असें येऊं लागलें आहे कीं, तिच्या तळाशीं नुसता गर्व नाहीं. त्यांस जें हवें आहे तें कोणतीही कंपनी देऊं शकत नाहीं. पहिल्यांदां जो हतबल झाला, पहिल्यांदां ज्यास वाटलें कीं हें आपणांस कधींच जमणार नाहीं, आणि मग ज्यास जमलें, तो पुन्हां तसा नवखा कसा होणार? पुढचा प्रत्येक खेळ त्यास ओळखीचा वाटतो. राक्षसानें हात उचलला कीं शरीर आपोआप बाजूस होतें. म्हणून ते स्वतःवर नवीं नवीं बंधनें घालून घेतात: कोणी एकदांही शक्ति न वाढवितां खेळतो, कोणी एकही घाव न खातां, कोणी नाचण्याची चटई पायाखालीं घेऊन तिनें खेळतो. आम्ही यास वेड म्हणत नाहीं. हरवलेली वस्तु माणसें अशीच शोधतात. या मालिकेंत 'पोकळ' होणें अशी एक कल्पना आहे. शापित मनुष्याचा हेतु सुटला कीं त्याचें भान जातें व तो नुसता भटकत राहतो. खेळ लिहिणारांनीं ही कल्पना आपल्या चाहत्यांकडे पाहून खचितच लिहिली नसेल, पण ती तेथें लागू पडते खरी.

२०१८ च्या २८ फेब्रुवारीस जुन्या 'डीमन्स सोल्स'चा सर्व्हर बंद करण्यांत आला. नऊ वर्षें लोकांनीं एकमेकांकरितां जमिनीवर लिहून ठेवण्याचा जो परिपाठ चालविला होता, तो त्या दिवशीं खुंटला. खेळ राहिला, राक्षस राहिले, सोबत गेली. २०२० सालीं तोच खेळ नव्या यंत्राकरितां नव्या चित्रांनिशीं पुन्हां निघाला व नव्या लोकांनीं पुन्हां पहिल्यापासून लिहावयास सुरुवात केली. कड्याच्या टोकावरच्या चिठ्ठ्यांसह.

आणि 'एल्डन रिंग'मध्यें मलेनिया नांवाची एक योद्धी आहे. साऱ्या खेळांत तिच्याइतकें कठीण प्रकरण नाहीं. तिचा घाव आपणांस लागला कीं तिची जखम भरूं लागते. २०२२ सालीं तिच्या दाराशीं एक विचित्र आकृति येऊं लागली. डोक्यावर रांजण, अंगावर लंगोटीखेरीज वस्त्र नाहीं, दोन हातांत दोन तरवारी. ज्यानें बोलाविलें त्यास बाजूस उभें करून हा गृहस्थ एकटाच तिच्याशीं लढे, तिला पाडी व नाहींसा होई. असें त्यानें हजाराहून अधिक वेळां केलें. त्याचें पाहून अनेकजण डोक्यावर रांजण घालून मदतीस उभे राहूं लागले. खेळाच्या प्रकाशकांनीं कौतुकानें त्यास एक खरी तरवार भेट पाठविली. याच्याइतका कसलेला खेळाडू जगांत विरळा असेल, आणि त्यानें आपल्या कौशल्याचा उपयोग कोणता केला हें वाचकांनीं पाहावें. मदत घेणाराचा विजय खरा कीं खोटा, हा प्रश्न त्यानें कोणासही विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आमच्या त्या दोघां भावांपैकीं थोरल्याचा परवां फोन आला होता. पुण्यास परत गेल्यावर त्यानेंही 'एल्डन रिंग' घेतला असून, दर रविवारीं रात्रीं तो मलेनियाच्या दारापाशीं आपली खूण उमटवून बसतो, असें म्हणाला. रांजणही घातला आहे. पहिल्या रविवारीं ज्याच्या मदतीस गेला, त्याच्याआधीं तोच मेला.